क्रेप वातड का होतात, आणि हलके कसे करायचे

तुमच्या तक्रारी तीन आहेत. क्रेप, म्हणजे मैदा-अंड्याची पातळ फ्रेंच धिरडी, जाड आणि वातड होतात, पातळ करायला गेलं की फाटतात, आणि सारण भरलं नाही तर त्यांना काही चवच लागत नाही. शिवाय तुम्ही विचारलंय, की हलके व्हावेत म्हणून चिमूटभर बेकिंग पावडर घालू का. आधी त्याचंच उत्तर देतो: नका घालू. बेकिंग पावडरने पीठ फुगतं, फुगलं की जाड होतं आणि मग तो क्रेप न राहता पॅनकेक होतो. पॅनकेकचा हलकेपणा आतल्या हवेचा. क्रेप हलका लागतो तो जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असूनही मऊ राहतो म्हणून. तेव्हा खटपट करायची ती पीठ पातळ पसरावं आणि तरीही फाटू नये, याची.

चव म्हणाल तर ती सारणात शोधू नका. पिठातलं मीठ, तपकिरी होईपर्यंत कढवलेलं बटर आणि तव्यावर पडलेले खरपूस डाग यांतून ती येते. काही न लावता, शेगडीपाशी उभ्या उभ्या खाऊन टाकावासा वाटला तरच क्रेप जमला, असं मी धरतो. बरीच वर्षं रोज हेच काम केलंय, त्यामुळे काही गोष्टी जरा ठासून सांगेन. तुमच्या आचेवर थोडं इकडेतिकडे होईल, ते होऊ द्या.

२४ सेंटिमीटरच्या पॅनमध्ये पंधरा-सोळा क्रेप होतील असं माप देतो. मैदा २५० ग्रॅम, मध्यम आकाराची ४ अंडी, दूध ४५० मिलिलिटर, पाणी १५० मिलिलिटर, बटर ५० ग्रॅम, साखर एक मोठा चमचा आणि मीठ अर्धा लहान चमचा. मैदा वजनानेच घ्या. हलक्या हाताने भरलेला एक कप १२० ग्रॅमचा होतो आणि तोच दाबून भरला तर १५० ग्रॅमचा. तुम्ही पाठवलेल्या कृतीत लिहिलेले दोन कप तुम्ही इमानदारीने घेतले असतील, पण पीठ ५०-६० ग्रॅमनी जास्त पडलं असेल, तर जाडपणाचं निम्मं कारण तिथेच सापडलं.

अंड्याचं काम बांधून ठेवण्याचं. चार अंड्यांत क्रेप लवचिक होतो, घडी घातली तरी चिरत नाही. आणखी मऊ व्हावेत म्हणून सहा फोडली तर गोष्ट ऑम्लेटच्या वाटेला लागते. वातडपणाचं हे दुसरं मोठं कारण. दुधाने मऊपणा येतो आणि रंगही येतो, कारण त्यातली साखर आणि प्रथिनं तव्यावर पटकन तांबूस होतात. पण सगळंच दूध घातलं तर क्रेप जरा जड लागतो, म्हणून चौथा हिस्सा पाणी. त्याने कडा पातळ, जाळीदार आणि किंचित कुरकुरीत येतात. पाण्याऐवजी बिअर घालणारेही पुष्कळ आहेत. तिचा बारीकसा कडवटपणा खारट सारणाबरोबर छान जातो, गोडाबरोबर मला तो खटकतो. साखर सांगितली तेवढीच. जास्त झाली की क्रेप तव्याला धरतो आणि वरून करपतो. मीठ मात्र गोड क्रेपलाही हवंच. ते विसरलात तर बाकी सगळं जमूनही चव पिठूळ लागेल.

आता कालवण्याचं. मोठ्या भांड्यात मैदा चाळून घ्या, मीठ-साखर मिसळा, मध्ये आळं करा आणि अंडी त्यात फोडा. व्हिस्कने मधूनच ढवळायला लागा आणि कडेचं पीठ हळूहळू आत येऊ द्या. दूध एकदम ओतू नका. पहिल्यांदा फक्त १०० मिलिलिटरच्या आसपास घालून दाट, चिकट, गुळगुळीत लगदा करून घ्या. गुठळी मोडते ती दाट पिठातच, कारण तिथे व्हिस्कचा जोर तिच्यावर पडतो. सगळं दूध घातल्यावर गुठळ्या तरंगत फिरतात आणि व्हिस्क त्यांच्या बाजूने निघून जातं. लगदा एकजीव झाला की उरलेलं दूध आणि पाणी थोडं थोडं घालत सैल करत न्या. एवढं करूनही गुठळ्या राहिल्याच तर गाळून घ्या, त्यात कमीपणा नाही. मिक्सरमध्येही काम होतं, फक्त फेस फार येतो आणि पिठाला ताण जास्त पडतो, त्यामुळे ते जास्त वेळ मुरवावं लागतं.

मुरवणं ही पायरी सगळेच गाळतात. तुम्ही पाठवलेल्या कृतीतही ‘लगेच घाला’ असंच आहे, आणि तुमचे क्रेप बिघडायला ती ओळ पुरेशी आहे. मैद्यात पाणी घालून ढवळलं की ग्लूटेनचे, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनांचे, धागे तयार होतात आणि ताणले जातात. त्याच घडीला पीठ तव्यावर घातलं तर ते पसरायला कुरकुर करतं, आक्रसतं आणि क्रेप वातड होतो. तासभर नुसतं ठेवलं की हे धागे सैल पडतात. दुसरीकडे मैद्यातले स्टार्चचे कण सावकाश पाणी पिऊन फुगतात आणि ढवळताना शिरलेली हवा निघून जाते. मुरलेलं पीठ तव्यावर रेशमासारखं धावतं. कमीत कमी अर्धा तास द्या, तासभर दिला तर उत्तम, आणि रात्रभर फ्रीजमध्ये झाकून ठेवलं तर सकाळी फरक जिभेलाही कळतो, कच्च्या मैद्याचा वास पार गेलेला असतो. अंडी-दुधाचं पीठ आहे, त्यामुळे तासाभराहून जास्त ठेवायचं तर फ्रीजमध्येच आणि एका दिवसात संपवायचं.

मुरल्यावर पीठ थोडं दाट झालेलं दिसेल. घाबरू नका, एक-दोन चमचे पाणी घाला. पीठ सरसरीत हवं, दुधापेक्षा दाट आणि न फेटलेल्या क्रीमइतकं. डाव बुडवून बाहेर काढा आणि त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. पिठाचा पातळ पापुद्रा डावाला धरून राहिला आणि रेघ मोडली नाही, तर बरोबर आहे. रेघ लगेच भरून आली तर पीठ फार पातळ आहे. थेंब ओघळायलाच तयार नसतील तर अजून पाणी लागेल.

बटर मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. कालवतानाच घातलं आणि पीठ फ्रीजमध्ये गेलं तर ते गोठून त्याचे कण होतात, आणि ते कण तव्यावर वितळून क्रेपला भोकं पाडतात. म्हणून पीठ फ्रीजबाहेर काढून अर्धा तास झाला की बटर कढवायला घ्या. लहान, आतून पांढऱ्या किंवा स्टीलच्या भांड्यात घ्या, म्हणजे रंग दिसतो. आधी ते वितळेल, मग तडतडेल. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, त्या पाण्याचा हा आवाज. आवाज शांत होत आला, वर बारीक फेस आला की भांड्यापासून हलू नका. आता तळाशी बसलेल्या बेरीला रंग यायला लागतो. आधी सोनेरी, मग बदामी, आणि त्या वेळी भाजलेल्या सुक्या मेव्याचा वास सुटतो. फ्रेंच लोक याला ‘ब्यर न्वाझेत’, म्हणजे हेझलनटसारखं बटर, म्हणतात ते या वासामुळेच. वास आला की भांडं उतरवून बटर लगेच दुसऱ्या वाटीत ओता. तापलेल्या भांड्यात ते आणखी अर्ध्या मिनिटात काळं पडतं. बेरी फेकू नका, चव तिच्यात आहे. कोमट झाल्यावर बेरीसकट पिठात घालून ढवळा. ही एकच सुधारणा केलीत तरी ‘चव लागत नाही’ ही तक्रार बरीचशी मिटेल.

गोड क्रेप करायचे असतील तर लिंबाची किंवा संत्र्याची साल वरवर किसा, पांढरा भाग येऊ देऊ नका, आणि पिठात जाणाऱ्या साखरेबरोबर बोटांनी चोळून घ्या. सालीतलं तेल साखरेत उतरतं आणि सगळ्या पिठाला वास लागतो. व्हॅनिला किंवा चमचाभर रमही चालेल. दोन्ही एकदम नकोत. दालचिनीसारखे मसाले मी पिठात घालत नाही. त्यांचे कण तव्यावर करपतात आणि पुढच्या प्रत्येक क्रेपला चिकटत राहतात. ते सारणात शोभतात.

आता तवा. बसक्या काठांचा, सपाट तळाचा नॉनस्टिक पॅन नवशिक्याला सगळ्यात सोपा. कार्बन स्टीलचा तवा वापरून वापरून तेल पिऊन काळा झाला की त्याच्यासारखा रंग दुसरा कोणी देत नाही, पण तोवर तो तुमचा अंत पाहतो. कोणताही घ्या, तो मध्यम आचेपेक्षा किंचित जास्त आचेवर तीन-चार मिनिटं एकसारखा तापू द्या. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचत नाचत दोन-तीन सेकंदांत उडाला पाहिजे. थेंब नुसता बसून राहिला तर तवा गार आहे. गार तव्यावर क्रेप भाजला जात नाही, वाळतो. फिकट, चामड्यासारखा होतो. वातडपणाचं हे तिसरं कारण, आणि माझ्या मते घरोघरी सगळ्यात जास्त आढळणारं.

तव्याला बटर फक्त दिसेल-न-दिसेल इतकं. कापसाच्या किंवा कागदाच्या बोळ्याने पुसल्यासारखं लावा. अर्धा बटाटा काट्याला टोचून, तो वितळलेल्या बटरमध्ये बुडवून तव्यावर फिरवण्याची फ्रेंच रीत मला आवडते, बोटंही भाजत नाहीत. कामाला लागलो त्या पहिल्या आठवड्यात चिकटण्याच्या भीतीने मी तव्यावर बटरचं तळं करायचो. पीठ त्यावर घसरायचं, एका बाजूला गोळा व्हायचं आणि कडेला तळून निघायचं. शिकवणारा काही बोलला नाही, त्याने फक्त कागद घेऊन तवा पुसला आणि डाव माझ्या हातात परत दिला. पिठाला तव्यावर पाय रोवायला जागा लागते, हे मला त्या पुसलेल्या तव्यावरच्या पहिल्याच क्रेपने दाखवलं. बटर पिठातही आहेच, त्यामुळे नॉनस्टिकला दर तीन-चार क्रेपनंतर एकदा पुसलं तरी पुरतं.

२४ सेंटिमीटरच्या पॅनला ६० मिलिलिटर पीठ लागतं. तेवढंच मावेल असा डाव किंवा वाटी ठरवून ठेवा, दर वेळी अंदाज करत बसू नका. डावाने एकदा तळापासून ढवळा, कारण मैदा खाली बसतो. मग तवा आचेवरून उचला, पीठ मध्यावर एका दमात ओता आणि त्याच क्षणी मनगट फिरवून तवा गोल कलवा. पीठ पडताना हलकासा चर्र आवाज यायला हवा. आवाजच नाही तर तवा गार; पीठ पसरायच्या आत जागीच थिजलं आणि भोकंच भोकं पडली तर तवा फार तापलाय, पंधरा-वीस सेकंद आचेबाहेर धरा. सगळा खेळ तीन सेकंदांचा आहे. कुठे उघडी जागा राहिली तर डावाच्या टोकाने थेंबभर पीठ लावून बुजवा. पीठ उरून तव्यात हलत असेल तर ते सरळ भांड्यात परत ओता. काठाला एक शेपटी राहील, ती राहू दे, पण क्रेप पातळ होईल.

पहिला क्रेप बिघडणारच. तो आच आणि पिठाचा दाटपणा पाहण्यासाठी असतो. दाट वाटला तर पिठात पाणी घाला, फिका वाटला तर आच वाढवा, आणि तो तुम्हीच खाऊन टाका.

उलटण्याची घाई करू नका. वरची ओली तकाकी जाऊन पृष्ठभाग मंद होतो, कडा सुटून किंचित मुरडतात आणि तपकिरी होतात, तेव्हा उलटायची वेळ झाली. साधारण ४५ सेकंद ते एक मिनिट. फ्रेंचमधला ‘क्रेप’ हा शब्दच मुळात कुरळ्याला म्हणतात त्या लॅटिन शब्दावरून आलाय, तेव्हा मुरडलेली कड पाहूनच हात घाला. पातळ उलथणं एका कडेखाली सरकवा आणि पूर्ण मध्यापर्यंत नेऊन उलटा. सवय झाली की दोन्ही हातांच्या बोटांनी कड धरून उलटणं जास्त सोपं जातं. हवेत उडवून उलटण्याला चवीच्या दृष्टीने काही अर्थ नाही. फ्रान्समध्ये २ फेब्रुवारीला, शांदलरच्या सणाला, एका हातात नाणं धरून दुसऱ्या हाताने क्रेप उडवतात; तो नीट तव्यात पडला तर वर्षभर पैशाला तोटा नाही अशी समजूत. नाणं हातात नसेल तर उलथणंच बरं. दुसरी बाजू वीस-तीस सेकंद पुरे. तिला नक्षी येत नाही, नुसते ठिपके येतात, म्हणून घडी घालताना ती बाजू आत आणि पहिली, खरपूस बाजू बाहेर ठेवायची.

काढलेले क्रेप एकावर एक रचा आणि वरून स्वच्छ सुती फडकं किंवा उलटी ताटली झाका. एकेक वेगळा पसरून ठेवला तर कडा पापडासारख्या कडक होतात. थप्पीत एकाची वाफ दुसऱ्याला मऊ करते, आणि दहा मिनिटांनी तळातला क्रेप सगळ्यात लुसलुशीत असतो. पाहुणे यायला वेळ असेल तर ती ताटली मंद वाफेच्या पातेल्यावर ठेवा.

आता फाटण्याबद्दल, कारण तुम्ही पातळ करायला घाबरता ते त्यामुळेच. न मुरलेलं पीठ, कमी अंडी आणि लवकर उलटणं ही नेहमीची कारणं. आणखी एक ओळखायला सोपं आहे. सगळे क्रेप मध्यावरच फाटत असतील तर आच फक्त मध्ये लागतेय किंवा तव्याचा लेप तिथे गेलाय. पिठाला दोष देऊ नका. लहान बर्नरवर मोठा पॅन ठेवलात की असंच होतं. आणि पीठ पातळ करताना पाणी चमच्या-चमच्यानेच घाला. पाणी घालणं सोपं, काढून घेणं अशक्य. चुकून फार पातळ झालंच तर कोरडा मैदा थेट टाकू नका. थोडंसं पीठ वाटीत घेऊन त्यात मैदा कालवा, ते परत ओता आणि पुन्हा अर्धा तास थांबा.

खारट सारण भरायचं असेल तर एकदा बकव्हीटचा, म्हणजे कुट्टूच्या पिठाचा खारट क्रेप करून पाहा, त्याला गालेत म्हणतात. क्रेपचं माहेर फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा ब्रिटनी प्रांत, आणि तिथल्या हलक्या, आम्लधर्मी जमिनीत हे धान्य चांगलं येतं. त्याचं गव्हाशी नातं नाही आणि त्यात ग्लूटेन नाही. २५० ग्रॅम पिठाला साधारण ५७० मिलिलिटर पाणी, ७ ग्रॅम जाडं मीठ आणि वाटलं तर एक अंडं. हाताने जोर लावून फेटायचं आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. तिकडे बिडाच्या मोठ्या गोल तव्यावर, ज्याला ‘बिलिग’ म्हणतात, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या ‘रोझेल’ नावाच्या लाकडी काठीने ते पसरतात. घरच्या पॅनमध्ये तवा कलवूनच काम भागतं. ग्लूटेन नसल्यामुळे पहिले दोन-तीन तुटतील. आच मैद्याच्या क्रेपपेक्षा मोठी ठेवा. उलटल्यावर वर किसलेलं चीज, हॅमचा तुकडा, मध्ये एक अंडं फोडा आणि चारही बाजू आत दुमडून चौकोन करा, पिवळा बलक मध्ये उघडा ठेवा. हा चवीला थोडा मातकट, भाजलेला असतो आणि मला स्वतःला गोड क्रेपपेक्षा जास्त आवडतो.

गोडाच्या सारणांची यादी देत नाही, तुम्हाला सुचतीलच. एवढंच सांगतो, की हलक्या क्रेपवर वजन टाकू नका. गरम क्रेपवर लहान चमचा बटर, साखर भुरभुरवून वरून लिंबू पिळा, चौघडी घाला आणि लगेच खा. याच्या तोडीचं मला अजून काही सापडलेलं नाही. चॉकलेटचा लेप लावायचाच तर इतका पातळ, की खालचे डाग त्यातून दिसले पाहिजेत.

अंडी खात नसाल तर २५० ग्रॅममधले ३० ग्रॅम मैदा काढून त्या जागी कॉर्नफ्लोअर घाला, दूध-पाणी मिळून ५५० मिलिलिटरपासून सुरुवात करा आणि पीठ निदान दोन तास मुरवा. इथे बांधायचं काम ग्लूटेनलाच करायचंय, त्यामुळे क्रेप केसभर जाड ठेवा आणि उलटायला पंधरा सेकंद जास्त थांबा. लवचिकपणा थोडा कमी येईल, कडा मात्र जास्त कुरकुरीत. घडी घाला, पण घट्ट गुंडाळी करू नका, चिरेल.

उरलेले क्रेप गार झाल्यावर हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवले तर दोन दिवस राहतात. महिनाभर ठेवायचे तर प्रत्येक दोन क्रेपमध्ये बटर पेपर घालून, पिशवीतली हवा काढून फ्रीझरमध्ये. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात आणून ठेवा; गोठलेली थप्पी उकलायला गेलात तर कडा मोडतात. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, त्यात ते दोन मिनिटांनी पुन्हा वातड होतात. तापलेल्या कोरड्या तव्यावर पहिली बाजू खाली ठेवून अर्धं मिनिट धरा. पिठातलं बटर सुटून बेरीचा वास परत येतो, तेवढ्यात काढा.